दुपारी चुकणारी रॅम : तालुक्याच्या वाचनालयातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाने जुनी कागदपत्रे स्कॅन करून जतन करण्याचे काम हाती घेतले होते. गावाचे आणि संबंधितांचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखक संगणक दुरुस्तीच्या क्षेत्रातला असून या प्रकरणात सल्ला देण्यासाठी मधल्या टप्प्यावर सहभागी झाला.

संग्रहात मोडी लिपीतील घरगुती दफ्तरे, निजामाच्या राजवटीतील उर्दू महसुली उतारे आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातील काही पत्रके होती. यातील थोडी दफ्तरे वाचनालयाच्या मालकीची होती. बाकीची आसपासच्या गावांतील कुटुंबांनी केवळ स्कॅन होईपर्यंत, विश्वासाने ठेवायला दिलेली होती आणि काम झाले की ती परत करायची होती. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली निजामकालीन दस्तऐवज मोठ्या प्रमाणावर तपासले गेले, तेव्हापासून अशा कागदांवरील एखादे नाव किंवा सन एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने किती मोलाचा असतो हे तालुक्यातील प्रत्येकाला कळले आहे. म्हणूनच या कामात अचूकतेला वेगळे वजन होते.

संगणक स्थानिक दुकानातून असेंबल करून घेतलेला होता. सुरुवातीला त्यात ८ जीबीची डीडीआर४ रॅमची (संगणक चालू असताना मजकूर धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीची) एकच पट्टी होती. स्कॅनिंगचे काम सुरू असताना, दिवाळीच्या सुमारास, दुसऱ्या कंपनीची तेवढीच आणखी एक पट्टी बसवण्यात आली. स्कॅन केलेले पान टिफ या प्रतिमेच्या स्वरूपात साठवले जाई, त्याची नोंद एक्सेलमधील सूचीत केली जाई, आणि संध्याकाळी त्या दिवसाच्या सर्व फाइलींची झिप बांधून ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवली जाई. खोलीला पत्र्याचे छप्पर होते, आणि धुळीपासून बचाव व्हावा म्हणून संगणकाचा डबा लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला होता. या दोन गोष्टी त्या वेळी कोणालाही महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या.

अडचण

मार्च महिना सरता सरता तक्रारी सुरू झाल्या. स्कॅनिंगचा प्रोग्राम मध्येच बंद पडे, ब्राउझर आपोआप मिटे, आणि कधी कधी निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होई. निळ्या पडद्यावरचा मजकूर दर वेळी वेगळा असे : कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', तर कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा असेल तर बहुधा तोच संदेश पुन्हा पुन्हा दिसतो. संदेशांचे कारण असे दर वेळी बदलत राहणे ही स्वतःच एक खूण असते, परंतु ती वाचण्याची सवय असणारे माणूस जवळ असावे लागते.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. ग्रंथपाल मॅडमनी एका संशोधकाला देण्यासाठी जुनी झिप उघडली, तेव्हा त्यातील दोन फाइलींवर 'सीआरसी' जुळत नसल्याची सूचना आली. झिपमध्ये प्रत्येक फाइलबरोबर तिच्या मजकुरावरून मोजलेला ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) सीआरसी अंक साठवलेला असतो. फाइल बाहेर काढताना तो पुन्हा मोजला जातो आणि दोन्ही अंक जुळले नाहीत तर आतला मजकूर बदलला आहे असा अर्थ होतो. तीच झिप दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली, तर सूचना आलीच नाही. या दुसऱ्या अनुभवामुळे सर्वांना हायसे वाटले. वास्तविक पाहता काळजी वाढवणारी गोष्ट तीच होती, कारण डिस्कवरची फाइल खरोखर बिघडली असती तर ती सकाळीही बिघडलेलीच दिसली असती.

पहिला अंदाज आणि त्याची किंमत

गावातील दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने आधी विंडोज नव्याने टाकून पाहिले. तक्रार तशीच राहिली. मग त्याचा संशय हार्ड डिस्कवर गेला. डिस्क पाच-सहा वर्षांची होती, तेव्हा संशय अवाजवी म्हणता येणार नाही. नवी एसएसडी (चिपवर मजकूर साठवणारी डिस्क) आणली गेली, आणि जुन्या डिस्कवरील सर्व फाइली त्याच संगणकावर नव्या एसएसडीवर उतरवण्यात आल्या.

या प्रकरणातील सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल वाटेत रॅममधून जाते. रॅममध्ये दोष असेल तर नक्कल करण्याची क्रियाच फाइलीत चूक घुसवते, आणि कार्यप्रणालीला त्याचा पत्ता लागत नाही. रॅमने जे परत दिले तेच खरे मानून ती ते डिस्कवर लिहून टाकते. ज्या यंत्राच्या स्मृतीवर संशय आहे त्या यंत्रावर मौल्यवान फाइलींची हलवाहलव करू नये, हा नियम तांत्रिक लोकही घाईत विसरतात.

एक गोष्ट मात्र या टप्प्यावर फार चांगली घडली. दुरुस्ती करणारा तरुण जुनी डिस्क फॉरमॅट मारून बदल्यात घेऊन जायला तयार होता, पण ग्रंथपाल मॅडमनी ती दिली नाही. काम पूर्ण मार्गी लागेपर्यंत काहीही पुसायचे नाही असे सांगून ती त्यांनी कुलपात ठेवली. पुढे जे काही वाचले ते बरेचसे या निर्णयामुळे वाचले.

संशय रॅमकडे कसा वळला

लेखकाला बोलावले गेले तेव्हा नवी एसएसडी बसवून झाली होती आणि निळे पडदे चालूच होते. डिस्कचा प्रश्न आधी निकालात काढणे आवश्यक होते. जुन्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी, पाहिल्या. खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरील साठवणुकीचे तुकडे) नव्हते, केबलच्या चुकांची मोजणीही शून्य होती. त्यानंतर बाहेरच्या डिस्कवरील एका मोठ्या फोल्डरमधील सर्व फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा अंक) दोनदा काढले. एकाच फाइलचा हॅश दोन वेळा काढला तर तो तंतोतंत सारखा यायलाच हवा, कारण मजकुरातील एक बिट बदलला तरी संपूर्ण हॅश बदलतो. दोन फेऱ्यांत काही फाइलींचे हॅश वेगळे आले. तीच डिस्क एका शिक्षकांच्या लॅपटॉपला जोडली, तर तेथे दोन्ही फेऱ्या शब्दशः सारख्या निघाल्या. म्हणजे डिस्क निर्दोष होती आणि बिघाड संगणकाच्या आत, डिस्क व प्रोसेसर यांच्या मधल्या वाटेवर होता.

येथे एक तांत्रिक बारकावा सांगितला पाहिजे. एकच लहान फाइल घेऊन तिचा हॅश पुन्हा पुन्हा काढल्यास तो सारखाच येण्याची शक्यता अधिक असते, कारण पहिल्यांदा वाचल्यावर ती फाइल रॅममधील कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहते आणि पुढच्या वेळी डिस्कपर्यंत कोणी जातच नाही. म्हणून रॅमच्या एकूण आकारापेक्षा मोठा फोल्डर निवडला होता, जेणेकरून दुसऱ्या फेरीत मजकूर नव्याने वाचला जाईल आणि रॅममधील वेगळ्या जागांवर पडेल.

समोरचे पर्याय

सरळ दोन्ही पट्ट्या बदलून टाकाव्यात, असा पहिला विचार मांडला गेला. वेळ वाचला असता, पण दोष खरोखर पट्टीत आहे की स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचेत), मदरबोर्डवर की एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या भागात), हे कळले नसते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आधी स्कॅन झालेल्या फाइलींपैकी कोणत्या संशयास्पद मानायच्या याला काही आधार उरला नसता. दोषी पट्टी दिवाळीनंतरची आहे की सुरुवातीपासूनची आहे, यावर संशयाचा सगळा कालखंड ठरत होता. त्यामुळे पुराव्याशिवाय भाग बदलायचे नाहीत असे ठरले.

विंडोजबरोबर येणारे मेमरी डायग्नोस्टिक आधीच एकदा सकाळी चालवून झाले होते आणि त्याने काही दोष नसल्याचे सांगितले होते. हे साधन हाताशी असते हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याची नेहमीची चाचणी थोड्या वेळात आटोपते, आणि कोणत्या पत्त्यावर (रॅममधील जागेच्या क्रमांकावर) कोणता बिट चुकला हा तपशील त्यातून हाती लागत नाही. चालू कार्यप्रणालीच्या आत राहून रॅम तपासणारी साधनेही आहेत, मात्र कार्यप्रणालीने स्वतःसाठी अडवलेली जागा त्यांना तपासता येत नाही.

म्हणून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासण्याचे साधन निवडले. मूळ मेमटेस्ट८६ क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिले. त्यावरून सॅम्युएल डेमेलमेस्टर यांनी २००४ मध्ये मेमटेस्ट८६+ काढले, आणि २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी व्यवस्था) असलेल्या नव्या संगणकांवरही चालते. ते मोफत आणि मुक्त आहे, पेनड्राइव्हवरून सुरू होते, आणि विंडोज सुरूच झालेले नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याच्या ताब्यात असते. या संगणकावर त्यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्य प्रोग्रामनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय, तात्पुरते बंद करावे लागले, आणि रॅमचा वेग व व्होल्टेज मूळ सेटिंगवर आणून घेतले, म्हणजे वेग वाढवल्यामुळे येणाऱ्या चुका हिशेबातून वगळता आल्या.

रात्रीची चाचणी आणि एक अचूक प्रश्न

पहिली लांब चाचणी रात्रभर चालवली. सकाळी पडद्यावर चुकांचा आकडा शून्य होता. दुरुस्ती करणारा तरुण म्हणाला, "मॅडम, रात्रभर चाललंय, एक बी एरर नाही. रॅम चांगली आहे तुमची." त्यावर मॅडमनी विचारले, "पण दादा, हा बंद पडतो दुपारी. रात्री इथं कोण काम करतंय?"

प्रकरण येथून वळले. रॅमच्या चाचणीत चूक सापडली तर दोष असल्याचे निश्चित होते. चूक सापडली नाही तर एवढेच सिद्ध होते की त्या वेळी, त्या तापमानाला, त्या विजेवर आणि त्या नमुन्यांसाठी दोष दिसला नाही. दोष ज्या परिस्थितीत प्रकट होतो ती परिस्थिती चाचणीत आणली नाही, तर कितीही फेऱ्या केल्या तरी निष्कर्ष अपुराच राहतो. तांत्रिक माणसांनी काढायला हवा असलेला हा मुद्दा रोज त्या यंत्रासमोर बसणाऱ्या व्यक्तीने काढला, याची नोंद मुद्दाम करावीशी वाटते.

उष्णतेचा संबंध का जोडला, हेही सांगणे आवश्यक आहे. डीरॅममधील, म्हणजे अशा पट्टीवरील चिपमधील, प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दारावरचा एक ट्रान्झिस्टर असतो. कपॅसिटरमधील विद्युतभार माठातील पाण्याप्रमाणे सतत झिरपत असतो, म्हणून ठरावीक काळाच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. जेडेक या चिपची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार हा काळ नेहमीच्या तापमानाला ६४ मिलिसेकंद आहे, आणि चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले की तो निम्मा, म्हणजे ३२ मिलिसेकंद करावा लागतो, कारण तापमानाबरोबर गळती वाढते. निरोगी पेशींच्या (एकेका बिटाच्या जागांच्या) बाबतीत या मर्यादेच्या पलीकडेही बरीच सवलत राखलेली असते. एखादी पेशी मुळातच कमकुवत असेल तर थंड वेळी ती कशीबशी ६४ मिलिसेकंद तग धरते आणि तापली की त्याआधीच रिकामी होते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा ४२–४३ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या खोलीत, बंद कपाटात, चालू संगणकाच्या डब्याच्या आत किती होत असेल याचा अंदाज वाचकांना करता येईल.

त्याच वेळी एक विरुद्ध पुरावाही विचारात घेतला. बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वुल्फ-डिट्रिच वेबर यांनी गूगलच्या सर्व्हरांवरील रॅमच्या चुकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी, तर कामाच्या भाराचा संबंध ठळक आढळला होता. वाचनालयात दुपारी उष्णताही जास्त असे आणि कामही जास्त असे, त्यामुळे केवळ निरीक्षणावरून कारण ठरवता आले नसते. मेमटेस्टचा भार मात्र रात्री आणि दुपारी अगदी सारखाच असतो. म्हणून तीच चाचणी दुपारी चालवली तर या दोन कारणांची फारकत होणार होती. अर्थात, वातानुकूलित डेटा सेंटरमधील तापमानाचा चढउतार आणि आपल्याकडील वैशाखातला चढउतार यांची तुलना करता येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दुपारची चाचणी

चाचणी संगणक होता तेथेच, कपाटाच्या कप्प्यात, झाकण लावलेल्या स्थितीत चालवली. झाकण काढून समोर पंखा लावण्याची सूचना आली होती. ती नाकारली, कारण त्याने लपलेला दोष अधिकच लपला असता. वाचनालय बाकी कामासाठी बंद ठेवले नाही. फक्त त्या खोलीतील कूलर बंद ठेवला.

दुपार चढल्यावर चुका दिसू लागल्या. पत्त्यांची चाचणी, म्हणजे प्रत्येक जागी तिचाच पत्ता लिहून तो परत वाचण्याची चाचणी, निर्दोष गेली. त्यामुळे पत्तेवाहिन्यांमध्ये दोष नव्हता हे कळले. चुका 'मूव्हिंग इन्व्हर्जन' या प्रकारात आल्या. यात सगळी रॅम एका नमुन्याने भरतात, मग खालच्या पत्त्यापासून वर जात प्रत्येक जागा तपासून तिथे नमुन्याचा उलटा लिहितात, आणि नंतर वरून खाली येत तो उलटा तपासून पुन्हा मूळ नमुना लिहितात. शेजारच्या पेशींतील बदलांचा परिणाम यात उघड होतो. शेवटच्या 'बिट फेड' चाचणीतही, जिच्यात नमुना लिहून काही मिनिटे नुसते थांबतात आणि मग वाचतात, त्याच भागातील पत्ते चुकले. प्रत्येक ओळीत अपेक्षित आणि मिळालेली किंमत यांत एकाच बिटाचा फरक होता, आणि तो दर वेळी तोच बिट होता.

पत्ते आणि बिट यांची ही पुनरावृत्ती निर्णायक ठरली. रॅममध्ये क्वचित एखादा बिट कायमचा दोष नसतानाही उलटतो. टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले होते की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्याच्या अंशामुळे निघणारे अल्फा कण असे करू शकतात. परंतु तशी चूक त्याच जागी पुन्हा होत नाही. येथे तर तीच जागा पुन्हा पुन्हा चुकत होती, म्हणजे दोष हार्डवेअरमध्ये कायमचा बसलेला होता.

दोष पट्टीत की स्लॉटमध्ये

मेमटेस्टने दाखवलेला पत्ता आठ जीबीच्या वर आहे, म्हणजे दुसरी पट्टी खराब, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो टाळला. ड्युअल चॅनेलमध्ये दोन्ही पट्ट्यांत मजकूर आलटून पालटून वाटला जातो, त्यामुळे पत्त्यावरून पट्टी ओळखता येत नाही. एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून प्रत्येक जोडीची दुपारची चाचणी घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो कंटाळवाणा असला तरी तोच अवलंबला.

या टप्प्यावर एका प्रयोगाने जवळजवळ दिशाभूल केली. एका सकाळी दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर मारला आणि ती पुन्हा बसवली. लगेच घेतलेली छोटी चाचणी स्वच्छ गेली, आणि कचरा होता तो निघाला असा समज झाला. टोके साफ करून पट्टी नीट बसवल्याने खरोखर सुटणारे बिघाडही असतात, त्यामुळे हा उपाय चुकीचा नव्हे. मात्र खोडरबराने सोन्याचा पातळ थर घासला जातो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड अधिक बरे. पण खरा मुद्दा वेगळा होता : पट्टी साफ करणे आणि सकाळच्या गारव्यात चाचणी घेणे, या दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. दुपारी पुन्हा पाहिले तेव्हा चुका परतल्या.

अखेरीस चित्र स्पष्ट झाले. दिवाळीला बसवलेली पट्टी कोणत्याही स्लॉटमध्ये लावली तरी दुपारी चुकत होती. जुनी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये, तितक्याच उकाड्यात आणि त्याच एसएमपीएसवर, स्वच्छ जात होती. स्लॉट, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा यांवरील संशय एकाच वेळी दूर झाला.

पट्टीचे काय करायचे

चुकणारे पत्ते थोडे असल्यामुळे तेवढेच वगळून पट्टी वापरता येईल का, असा प्रश्न काटकसरीच्या दृष्टीने विचारला गेला, आणि तो योग्य होता. लिनक्समध्ये ग्रब या कार्यप्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या बॅडरॅम सोयीने आणि विंडोजमध्ये बूट संरचनेतील बॅडमेमरी यादीने असे पत्ते वगळता येतात. घरी चित्रपट पाहण्याच्या संगणकावर हा उपाय लेखकाने सुचवला असता. येथे तो नाकारला, कारण आज ४३ अंशांना चुकणाऱ्या पेशींची यादी पुढच्या वर्षी तेवढीच राहील याची हमी नसते, आणि नवी पेशी निकामी झाली की ते कळण्याचा मार्ग पुन्हा बिघडलेली फाइल हाच असतो.

पट्टीवर ठळक अक्षरांत 'खराब' असे लिहून ती बाजूला काढली, जेणेकरून ती चुकून दुसऱ्या संगणकात जाणार नाही. मेमटेस्टच्या पडद्याचे फोटो दाखवल्यावर दुकानदाराने ती वॉरंटीत बदलून देण्यास खळखळ केली नाही.

कोणत्या फाइलींवर विश्वास ठेवायचा

यंत्र दुरुस्त झाले, पण वाचनालयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आता उभा राहिला, आणि त्याला रॅमच्या तपासणीपेक्षा कितीतरी अधिक श्रम लागले. दिवाळीपूर्वीच्या फाइली मूळ स्वरूपात सुरक्षित होत्या, कारण तेव्हा दोषी पट्टी संगणकात नव्हतीच. फक्त त्यांच्या एसएसडीवरील प्रती संशयास्पद होत्या. मार्चनंतरच्या सर्व फाइली संशयास्पद होत्या. मधल्या थंड महिन्यांबद्दल ठामपणे काही म्हणता येत नव्हते.

सर्व तपासणी निरोगी लॅपटॉपवर केली. जुनी डिस्क, बाहेरची डिस्क आणि एसएसडी या तिन्हींवरील फाइलींचे हॅश काढून ते पडताळले. जेथे एसएसडीवरील प्रत वेगळी निघाली तेथे कुलपातील जुन्या डिस्कवरची प्रत घेतली. अशा फाइली पुष्कळ होत्या, आणि जुनी डिस्क पुसली गेली असती तर त्या गेल्याच असत्या. झिपांचे सीआरसीही तपासले. मात्र सीआरसी जुळला म्हणजे फाइल बरोबर, असे मानता येत नाही : स्कॅन केलेले पान झिप होण्याआधीच रॅममध्ये बिघडले असेल, तर बिघडलेल्या पानाचा सीआरसी अगदी व्यवस्थित जुळतो. तो अंक फक्त झिप झाल्यानंतरच्या काळाची ग्वाही देतो.

म्हणून प्रत्येक टिफ उघडून पाहिली. येथे फाइलीच्या प्रकाराचा मोठा फरक पडतो. आकुंचन (कॉम्प्रेशन) न केलेल्या प्रतिमेत एक बिट बदलला तर एका ठिपक्याची छटा बदलते आणि वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही. आकुंचित प्रतिमेत मात्र त्या जागेपासून पुढचे चित्र विस्कटते. वाचनालयाच्या फाइली आकुंचित होत्या, त्यामुळे बिघडलेली पाने लपून राहिली नाहीत. ती पुन्हा स्कॅन केली. जी दफ्तरे कुटुंबांकडे परत गेली होती त्यांच्याकडे पुन्हा विनंती करावी लागली, आणि तशी विनंती करणे ग्रंथपाल मॅडमना जड गेले.

अधिक धोका सूचीत होता. पान विस्कटले तर दिसते; एक्सेलमधील एक आकडा बदलला तर तो बदललेला आहे असे दिसत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १ आणि ९ यांत फक्त एका बिटाचा फरक आहे, आणि इंग्रजी आकड्यांच्या १ व ९ मध्येही तसेच आहे. दोन जणांनी बसून, एकाने हस्तलिखित दाखल नोंदवही मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने सूची तपासायची, अशा पद्धतीने सगळ्या नोंदी ताडून पाहिल्या. बहुतेक तफावती टंकलेखनाच्या होत्या. एका उताऱ्याचा फसली सन (महसुली कालगणनेतील वर्ष) मात्र वहीत १३१७ आणि सूचीत १३९७ निघाला. फसली १३१७ म्हणजे इसवी सन १९०७ च्या सुमाराचा काळ. १३९७ म्हणजे १९८७ चा सुमार, जेव्हा निजामाची राजवट संपून चार दशके होत आली होती. चाचणीत बिघडणारा बिटही बाइटमधील (आठ बिटांच्या गटातील) त्याच जागेवरचा होता. तरीही ही चूक रॅमचीच असे लेखक म्हणणार नाही. हस्ताक्षरातील १ आणि ९ यांची गल्लत माणसाकडूनही होते. नोंद दुरुस्त केली आणि तिच्यासमोर दुरुस्तीची तारीख लिहिली.

वेगळे काय करता आले असते

नवी पट्टी बसवली त्याच दिवशी तिची लांब चाचणी घेतली असती, तरी दिवाळीच्या हवेत हा दोष बहुधा दिसला नसता. म्हणून बसवतानाच्या चाचणीइतकीच पहिल्या उन्हाळ्यातील चाचणी आवश्यक आहे असे लेखकाचे मत आहे. निळ्या पडद्यांचे वेगवेगळे संदेश आणि त्यांची वेळ कोणी वहीत टिपून ठेवली असती, तर दुपारचा धागा दोन-तीन आठवडे आधी हाती लागला असता. विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालवणे, हा क्रम दुरुस्ती करणाऱ्यांनी अंगवळणी पाडावा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि रॅम खराब असताना टाकलेले विंडोज तरी धड असेलच असे नाही.

सर्वांत उपयोगी बदल हॅशच्या बाबतीत करता आला असता. स्कॅन होताच फाइलचा हॅश काढून तो वेगळ्या यंत्रावर ठेवला असता, तर नंतर कोणती प्रत बदलली हे ठरवण्यात गेलेला बहुतेक वेळ वाचला असता. इसीसी (चुका सुधारणाऱ्या) रॅमचाही विचार झाला. त्यात दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात, ज्यांच्या आधारे एका बिटाची चूक सुधारता येते आणि दोन बिटांची ओळखता येते. या प्रकरणातील चूक तर एकाच बिटाची होती. पण त्यासाठी तिला साथ देणारा प्रोसेसर आणि मदरबोर्ड लागतो, म्हणजे जवळपास नवा संगणकच. वाचनालयाच्या अनुदानात तो सध्या बसत नाही. पुढील खरेदीच्या वेळी ही अट आधी लिहावी, अशी शिफारस लेखकाने लेखी दिली आहे.

सद्यस्थिती

संगणक लाकडी कपाटातून काढून उघड्या टेबलावर ठेवला आहे आणि त्यात आता एकाच कंपनीच्या, एकाच संचातील दोन पट्ट्या आहेत. त्या कामाला लावण्याआधी मे महिन्यातील दुपारी त्यांची चाचणी घेतली. वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा भर उन्हाळ्यात, मेमटेस्ट चालवून पडद्याचा फोटो दाखल नोंदवहीत चिकटवला जातो. स्कॅन झालेल्या फाइलींचे हॅश रोज संध्याकाळी लॅपटॉपवर काढले जातात. दोन कुटुंबांकडील दफ्तरे पुन्हा मिळायची आहेत. तोपर्यंत त्यांतील पानांच्या नोंदींसमोर शेऱ्याच्या रकान्यात 'मूळ कागद पाहून खात्री करणे बाकी' असे लिहिलेले आहे, आणि त्या पानांच्या प्रती मागणाऱ्यांना तो शेरा दाखवूनच प्रत दिली जाते.